सगळ्यांना वाचता येईल असं सुंदर

सकाळी ८.००
दिवसाचं पहिलं काम डोळे मिटून. लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू करते, स्क्रीनचा उजेड पार घालवते आणि काल चढवलेलं मुखपृष्ठ नुसतं ऐकते. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी घडवलेला हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, मराठीही वाचतो. आम्ही उभं करतोय ते कथा, कविता, चित्रं आणि ध्वनिमुद्रणांचं ऑनलाइन मासिक. संपादक मंडळाचं म्हणणं साधं आहे: ज्याला मराठी कळतं त्याला ते वाचता यावं आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे त्याला त्यात लिहिता यावं. लोगो, रंग, अक्षर आणि वेबसाइट माझ्याकडे आहे.

पानाच्या कोडमध्ये मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असली, की स्क्रीन रीडर मराठी आवाज लावू शकतो. ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं आहेत, त्यात याच नोंदीमुळे मराठी वळण उमटतं. ऐकणाऱ्याचं आणि पाहणाऱ्याचं, दोघांचंही काम एका नोंदीत होतं.

९.३०
अक्षरांची निवड. मजकुरासाठी मुक्ता लावून बघते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला हा फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतो. चाचणीला मी मुद्दाम अवघड शब्द घेते: दुसऱ्या, कुऱ्हाड, राष्ट्रीय, उद्ध्वस्त, श्रद्धा. ‘ऱ्या’ नीट जुळतोय ना, ‘द्ध’ची गाठ लहान आकारात बुजत नाही ना, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत नाही ना, हे बघायचं. देवनागरीला खाली-वर दोन्हीकडे जागा लागते, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपट ठेवते. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवत नाही. वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजी शीर्षकांना शोभणारी ती सजावट इथे वाचणाऱ्याच्या मुळावर येते.

११.००
संपादकताईंशी व्हिडिओ कॉल, विषय रंगांचा. त्यांना हळदीचा पिवळा हवाय आणि तो मलाही मनापासून आवडतो. पण पांढऱ्यावर पिवळं शीर्षक ठेवून मोजलं तर उजेडातला फरक जेमतेम २ : १ भरतो. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ लागतो. मग उलट केलं: पिवळी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. आकडा १०च्या वर गेला. “अगं, हे तर जास्तच उठून दिसतंय!” ताई म्हणाल्या. मंद नजरेच्या वाचकासाठी केलेला बदल मुखपृष्ठाचा चेहरा ठरला. दुवे नुसत्या रंगावरून ओळखू यायला नकोत, हेही ठरलं. रंगांध वाचकासाठी प्रत्येक दुव्याखाली रेघ येईल.

दुपारी १२.३०
चित्रांची वर्णनं. जे चित्र दिसत नाही ते वाचकाला शब्दांतून मिळतं, म्हणून ते शब्दही साहित्यच. आधीच्या मसुद्यात एका चित्राखाली ‘शेताचे रंगीत चित्र’ एवढंच होतं. चित्रकर्तीला फोन केला, तिच्याकडूनच लिहून घेतलं: ‘चिखलात वाकून भात लावणाऱ्या तीन बाया. मधलीच्या पाठीवर इरलं. पाण्यात तिघींची उलटी प्रतिबिंबं, चेहरे मात्र नाहीत.’ चेहरे नाहीत, हे कळल्याशिवाय ते चित्र कळलं असं म्हणताच येत नाही. यापुढे चित्र पाठवणाऱ्याने वर्णनही पाठवायचं. कविता चित्रात चिकटवून लावायच्या नाहीत, हा नियमही आजच लिहिला. आपल्याकडे फुलांच्या चित्रावर छापलेल्या कविता फोनवरून फिरत असतात. दृष्टिहीन रसिकाच्या हाती त्यातली एकही ओळ सहजी लागत नाही.

२.३०
साहित्य पाठवण्याचा अर्ज. आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम मला हेच वाटतं. नेहमीच्या अर्जात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. महाराष्ट्रात आडनावावरून गाव आणि जात ताडली जाते, हे आपण सगळे जाणतो. आम्ही एकच रकाना ठेवला: ‘तुमचं नाव कसं छापायचं?’ कुणी आडनाव लावेल, कुणी आईचं नाव, कुणी टोपणनाव. लिंगाचा रकाना काढूनच टाकला, कारण कथा निवडायला त्याची गरज नाही. सर्वनाम कोणतं वापरायचं, हे परिचय लिहिताना लेखकानेच सांगायचं. बोलीसाठी मोकळी जागा आहे: अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी असेल ती, प्रमाण मराठीत न बदलता. आणि टाइप करणं जमत नसेल त्याला आवाजात गोष्ट पाठवता येईल. आम्ही ती उतरवून घेऊ आणि लेखकाला ऐकवूनच छापू. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत लिखित मजकूर राहील, म्हणजे कर्णबधिर वाचकापर्यंतही ते पोचेल.

४.३०
स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेऊन गच्चीत. उन्हात पडदा दिसतोय का, अक्षरं दुप्पट केली तरी मजकूर आडवा सरकवावा लागत नाही ना, अंगठा थरथरला तरी बटण दाबता येतंय का, हे तपासते. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची रूपं शेकड्यांनी असल्याने फाइल जड होते. म्हणून दोनच वजनं ठेवली, नियमित आणि ठळक. फॉन्ट उतरेपर्यंत फोनच्या स्वतःच्या अक्षरात कविता दिसत राहील. मंद नेटवरच्या वाचकाला कोऱ्या पानाकडे बघत बसवायचं नाही.

६.००
लोगो. हातात हात घातलेली माणसं, इंद्रधनुष्य, पसरलेले पंख हे सगळं सुरुवातीलाच बाजूला ठेवलं होतं. आता मासिकाच्या नावाचं पहिलं अक्षर आहे, शिरोरेघ उजवीकडे पुढे काढलेली. ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलांत बसवून बघते: ओळखू येतं. एका रंगातही येतं. एवढं पुरे. सर्वसमावेशकता लोगोने मिरवायची नाही. ती रंगाच्या गणितात, अर्जाच्या रकान्यात आणि चित्राच्या वर्णनात कामाला आली पाहिजे.

७.१५
दिवसभरात ठरलेलं सगळं नियमपत्रात उतरवते, कारणांसकट. नुसता नियम घाईच्या वेळी मोडला जातो. तो कुणासाठी केलाय हे शेजारी लिहिलेलं असलं, की हात थांबतो. पुढच्या अंकांची पानं मी लावणार नाही, संपादक मंडळातलं कुणीतरी लावेल. त्या व्यक्तीला पिवळ्यावर काळं का, आडनाव का विचारायचं नाही आणि चित्राचं वर्णन कुणी लिहायचं, हे या पत्रातून कळलं तर मासिक सगळ्यांचं राहील.