तलावात गाद्या वाळत होत्या

26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या आणि सुनेने मोबाईलवर फोटो दाखवले. निळाशार पोहण्याचा तलाव, सुरूची बाग, मागे समुद्र. ठिकाण नवापूर, बोईसरच्या पश्चिमेला. दोन खोल्या, दोन रात्री, 9,600 रुपये. त्यातले निम्मे आधीच पाठवायचे, तेही एका मोबाईल नंबरवर. विरारहून डहाणू लोकल धरली, बोईसरला उतरून रिक्षा केली. तलाव होता खरा. त्यात पाणी नव्हतं, गाद्या वाळत होत्या.

काउंटरवर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. तलावाचं विचारलं तर म्हणाला, “काकी, शेठला फोन लावतो.” हे वाक्य पुढच्या चोवीस तासांत मी सात वेळा ऐकलं. शेठने फोन एकदाच उचलला, आणि ‘उद्या बघू’ म्हणाले.

गरम पाणी सकाळी सात ते आठ, खोलीमागे एक बादली. बादलीला चीर, तिला डांबराचं ठिगळ. पाणी खारट. साबणाला फेस येईना. नुसता पांढरा चोथा केसांत अडकून बसला. चहातलं दूध फाटलं तेव्हा हे म्हणाले, “पनीर फुकट.” रात्री पंप सुरू झाला की दिवे जात. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. पाटीवर ‘ताजी मासळी’, आणि ताटात बर्फाळ, भुसभुशीत सुरमई. कुंपणापलीकडे मात्र बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, ओळीच्या ओळी. त्या मांडवापर्यंत चार पावलं चालायची तसदी स्वयंपाकघरातल्या कोणी घेतली नव्हती.

हे असं का होतं? माझा आपला अंदाज सांगते. या पट्ट्यात बाहेरचा माणूस आला तो कामासाठी. 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली. कंपनीचा पाहुणा रात्री दहाला येतो, सकाळी आठला जातो, बिल कंपनी भरते. त्याला तलाव नको, समुद्र नको. त्याच सवयीच्या माणसाने किनाऱ्यावर खोल्या बांधल्या, ‘रिसॉर्ट’ची पाटी लावली, पण कारभार लॉजचाच ठेवला.

समुद्राचीही एक गोष्ट आहे, फोटोत न येणारी. वसाहतीतल्या सांडपाण्याची पाइपलाइन नवापूरलाच समुद्राकडे जाते. मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. संध्याकाळी वारा फिरला की नाकाला काहीतरी झोंबत होतं. नातवाला पाण्यात जाऊ दिलं नाही. आमची एक सुट्टी गेली. त्या लोकांचं तर पोट त्या पाण्यावर आहे.

शेठचा दोष मात्र पाण्यावर ढकलता येत नाही. खोटे फोटो दाखवून पैसे घेणं ही दिशाभूल करणारी जाहिरात, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिच्यावर इलाज आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. पण पुरावा हवा. सुनेने जाहिरातीचे फोटो आधीच साठवून ठेवले होते, शहाणी पोर. मी रिकाम्या तलावाचा फोटो काढला, गाद्यांसकट. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून मिळालं; त्यावर हॉटेलचं नाव, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मी हलले नाही. सही पोराचीच. शेठची मागितली असती तर तिथेच म्हातारी झाले असते.

दुसरी रात्र सोडून निघालो. पोराने आमच्या पिशव्या रिक्षात ठेवल्या. जाताना म्हटलं, “अरे, निदान त्या फोटोतल्या खोल्या तरी दाखवायच्यास.”

“काकी,” तो म्हणाला, “त्या मीपण अजून बघितल्या नाहीत.”