ताणाला पुरून उरणारी शिवण

धावण्याचे, योगासनांचे किंवा जिमचे कपडे बहुधा शिवणीपासून जुने व्हायला लागतात. मांडीची आतली बाजू, बैठकीची मधली शिवण, बगल आणि खांदा या जागा आधी उसवतात. बाकीचे कापड तेव्हा धडधाकट असते. अशा वेळी पटकन सुचणारा उपाय म्हणजे जाड दोरा घालून आणखी एक टीप मारणे. शाळेच्या गणवेशाच्या पँटला किंवा दप्तराला हा उपाय लागू पडतो. लेगिंगला मात्र तो बाधतो. ताणणाऱ्या कपड्यात शिवणीचे बळ दोऱ्याच्या जाडीपेक्षा शिवणीत किती दोरा साठवून ठेवला आहे यावर जास्त अवलंबून असते.

हा साठा लागतो तो शरीराच्या हालचालींमुळे. गुडघा पूर्ण वाकवला की त्यावरची त्वचा उभ्या दिशेने साधारण ३५ ते ४५ टक्के ताणली जाते. कोपराचे प्रमाण जवळपास तेवढेच असते, तर बैठक मारताना पार्श्वभागाची त्वचा २५ ते ३० टक्के ताणते. अंगाला चिकटून बसणाऱ्या कपड्याला त्वचेबरोबर तेवढेच ताणावे लागते आणि लगेच मूळ मापावर परत यावे लागते. त्यासाठी कापड विणलेले, म्हणजे फासांनी बनलेले असते आणि पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या जोडीला त्यात इलॅस्टेनचे तंतू असतात. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये शोधलेला आणि पुढे ‘लायक्रा’ या नावाने गाजलेला हा तंतू मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही परत येतो. फास उघडण्याची मुभा आणि इलॅस्टेनची ओढ यांमुळे चांगले लेगिंगचे कापड मूळ लांबीच्या दीडपट ते दुप्पट सहज ताणले जाते. उलट, शिवणाचा साधा पॉलिएस्टर दोरा १५ ते २० टक्के ताणला की तुटायला येतो. कापड दुप्पट लांब व्हायला तयार आणि त्याला जोडणारा दोरा पाचव्या हिश्शावरच थकणारा, अशी ही विजोड जोडी आहे. ती नांदवण्याचे काम टाक्याला करावे लागते.

घरच्या शिलाई मशीनवरची टीप वरचा सुईचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा यांना कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकवून पडते. एलियास हाव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंट घेतलेली यंत्रे याच टाक्याची. एक सेंटिमीटर शिवणीला वरचा आणि खालचा मिळून सुमारे अडीच सेंटिमीटर दोरा लागतो. म्हणजे प्रत्येक दोरा शिवणीपेक्षा जेमतेम पावपट जास्त. शिवण ताणली की आधी हा जास्तीचा दोरा सरळ होतो, मग दोरा स्वतः थोडा ताणतो आणि मग तुटतो. अशी शिवण साधारण ३० टक्क्यांपर्यंत तग धरते. खाली बसताना ‘तट्’ असा जो आवाज येतो, तो दोऱ्याचा असतो. कापडाला त्याचा पत्ताही नसतो. एक टाका तुटला की त्याचा भार दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवर पडतो आणि उसवणे पुढे सरकत जाते. इथे दोरा दुप्पट जाड केला, तरी साठा तेवढाच राहतो. टाके बारीक केले आणि दोऱ्याचा ताण सैल ठेवला, तर साठा थोडा वाढतो, पण लेगिंगला पुरे पडण्याइतका नाही.

खेळाच्या कपड्यांचे कारखाने म्हणून साखळीसारखे टाके वापरतात. दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याला एका सेंटिमीटरला साडेपाच सेंटिमीटर दोरा लागतो. कडा कापत कापत त्यांवर वेढे घालणाऱ्या तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला तो सुमारे १४ सेंटिमीटर लागतो. आपल्याकडचे अनेक टेलर यालाच ‘इंटरलॉक’ म्हणतात. कापडाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांची जाळी पसरवणारे टाके २५ सेंटिमीटरच्याही पुढे जातात. हा दोरा वळणावळणाने, सैल वेढ्यांत बसलेला असतो. कापड ताणले की वेढे लांबट होतात, सोडले की पुन्हा गोल होतात; दोऱ्यावर खरा ताण येण्यापूर्वीच हालचाल पुरी झालेली असते. आयएसओ ४९१५ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा प्रत्येक टाक्याला क्रमांक आहे: साधी टीप ३०१, साखळी ४०१, तीन दोऱ्यांचे ओव्हरलॉक ५०४, चार दोऱ्यांचे ५१४. यातल्या ५१४ मध्ये दुसऱ्या सुईची एक ओळ कडेपासून आत चालते. बाहेरची ओळ झिजली तरी आतली धरून ठेवते. टी-शर्टच्या आणि जर्सीच्या बाजूच्या शिवणीसाठी हा टाका सर्रास वापरला जातो, तो उगाच नाही.

साखळी टाक्यात एक खोट आहे. योग्य टोक हाती लागले, की तो सरसर सुटत जातो. तांदळाच्या पोत्याचे तोंड एका ओढीत उघडते ते याच जातीच्या टाक्यामुळे. म्हणूनच अशा शिवणीचे टोक दुसऱ्या शिवणीखाली दाबावे लागते किंवा त्यावर आडवे, दाट टाके घालून ते बंद करावे लागते.

मांडीच्या आत आणि बगलेत आणखी एक अडचण असते. ओव्हरलॉकने आत राहिलेला कापडाचा उंचवटा हजारो पावलांत त्वचेवर घासतो आणि त्या घर्षणात शिवणीचा दोराही झिजतो. तिथे फ्लॅटलॉक, म्हणजे ६०७ क्रमांकाचा टाका उपयोगी पडतो. त्यात कापडाच्या दोन कडा एकमेकींना जवळपास टेकवून सपाट ठेवतात आणि चार सुया व सहा दोरे त्यांवर दोन्हीकडून जाळी घालतात. अंगाला लागणारा उंचवटा उरत नाही. मात्र दुमडून घेतलेले जास्तीचे कापडही तिथे नसते. शिवताना कड एक-दोन मिलिमीटर सरकली, की शेवटच्या सुईच्या वाट्याला कापडाचे मोजके फास येतात. तेवढा भाग वरून तुकतुकीत दिसतो आणि महिनाभरात कडेने सुटू लागतो. फ्लॅटलॉकची ठळक, रंगीत रेघ दुकानात मजबुतीची खूण म्हणून खपवली जाते; खरे तर ती आरामाची खूण आहे. मजबुती मशीन चालवणाऱ्या हाताच्या अचूकतेवर ठरते.

दोऱ्याची निवडही टाक्याच्या जागेनुसार बदलते. सुईत बारीक पण चिवट पॉलिएस्टर दोरा घालतात. बऱ्याचदा त्याच्या गाभ्यात अखंड तंतू आणि वर आखूड तंतूंचे वेष्टन असते. खालून वेढे घालणाऱ्या लूपरमध्ये फुलवलेला, लोकरीसारखा मऊ नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा असतो. त्यातले तंतू उष्णतेने कुरळे केलेले असल्याने तो स्वतः ताणतो, कड छान झाकतो आणि अंगाला टोचत नाही. सुती दोरा इथे कामाचा नाही. तो फारसा ताणत नाही आणि घामाने ओला राहिला तर त्याला बुरशी लागते.

जाड दोऱ्याचा आणखी एक तोटा सुईशी जोडलेला आहे. जाड दोऱ्याला जाड सुई लागते आणि जाड सुई विणलेल्या कापडाला घातक ठरते. भिंगातून पाहिले तर असे कापड म्हणजे एकमेकांत अडकलेल्या फासांच्या रांगा दिसतात. टोकदार सुई फासाच्या तंतूतून आरपार गेली की तंतू तुटतो आणि सुटा झालेला फास खालच्या फासाला सोडतो. ताण आला की शिडीसारखी रेघ खाली धावत जाते. यासाठी गोल टोकाची सुई वापरतात. ती तंतूला बाजूला सारून दोन फासांमधल्या फटीतून जाते. टोक बोथट झाले किंवा त्याला केसाएवढा खरवडा पडला, तर मात्र तीही तंतू कापू लागते. दुसरे संकट उष्णतेचे. ओव्हरलॉक मशीन मिनिटाला पाच-सहा हजार टाके घालते आणि तेवढ्या घर्षणात सुई पॉलिएस्टर मऊ पडण्याइतकी तापू शकते. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉनचा एक प्रकार तर २२० अंशांच्या आसपासच. म्हणून दोऱ्याला सिलिकॉनचे वंगण देतात आणि गरजेप्रमाणे मशीनचा वेग कमी करतात. सुईने झालेली इजा नव्या कपड्यात दिसत नाही. पाच-सहा धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोकांची ओळ उमटते, तेव्हा दोष उगाच कापडाला दिला जातो.

अर्थात, कधी कधी दोष खरोखर कापडाचाच असतो. १९ जून २०१६ रोजी युरो फुटबॉल स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध खेळताना स्वित्झर्लंडच्या खेळाडूंच्या जर्सी एकामागून एक फाटल्या. ग्रानित झाका याला तर जर्सी बदलावी लागली. शिवणी शाबूत होत्या, कापड चिरले होते. कापडाच्या एका खेपेतले धागे निर्मितीच्या वेळी खराब झाले होते, असा खुलासा जर्सी बनवणाऱ्या पूमा कंपनीने नंतर केला. कापडच कच्चे असेल तर शिवणीवर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

टाका, दोरा आणि सुई ठीक असली, तरी कपड्याची रचना चुकली तर शिवण हरते. साध्या पँटमध्ये पायांच्या दोन आणि पुढची-मागची अशा चार शिवणी मांड्यांच्या मधोमध एका बिंदूत भेटतात. वाकताना, पाय फाकताना सगळा ताण त्याच बिंदूवर येतो. तिथे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा कापडाचा वेगळा तुकडा बसवला की चार शिवणींचा तो नाका फुटतो आणि ताण वेगवेगळ्या दिशांना वाटला जातो. ही युक्ती नवी नाही. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याच्या बगलेत चौकोनी तुकडा लावत ते हात मोकळा वर जावा म्हणून आणि बगल फाटू नये म्हणून. खांद्याच्या शिवणीचे दुखणे उलटे असते: तिला ताणू द्यायचे नसते, नाहीतर जर्सी धुण्यागणिक खाली ओघळते. म्हणून तिच्यात पारदर्शक, लवचीक पट्टी घालून शिवतात. खिशाची टोके, चेनचा शेवट आणि फ्लॅटलॉकची सुरुवात इथे बारटॅक, म्हणजे एकाच जागी आडव्या टाक्यांची दाट पट्टी घालतात. कबड्डीत चढाईपटूची जर्सी अनेक हातांत येते, तेव्हा लागणारा अचानक झटका अशा टोकांवरच बसतो. बारटॅक मात्र ताणत नाही. तो ताणाच्या मधोमध घातला तर त्याच्या कडेलाच कापड फाटते, हे लक्षात न घेता केलेली ‘डबल मजबुती’ पुष्कळ कपड्यांत दिसते.

सुई-दोऱ्याला पूर्ण फाटा देणारी पद्धतही आहे. पॉलियुरेथेनची पातळ फीत दोन कडांवर ठेवून उष्णता आणि दाब दिला की ती वितळून कापडात मुरते. दुसऱ्या पद्धतीत सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचा ध्वनी कडांमधले कृत्रिम तंतू तापवून एकजीव करतो; सुती कापडावर हे जमत नाही, कारण सूत वितळत नाही, जळते. स्पीडो कंपनीच्या २००८ सालच्या एलझेडआर रेसर पोहण्याच्या पोशाखाच्या शिवणी अशाच ध्वनीने जोडलेल्या होत्या. तो अंगभर पोशाख २०१० पासून स्पर्धांत बाद झाला, पण जोडणीची रीत टिकली. भोके नसल्याने अशा शिवणीतून पाणी आत शिरत नाही आणि ती त्वचेवर घासतही नाही. तिचे वैरी आहेत ड्रायर आणि इस्त्री. उष्णतेने बसलेली फीत उष्णतेनेच सुटते आणि एकदा सुटली की गल्लीतल्या टेलरच्या हाती फारसे काही राहत नाही.

प्रयोगशाळेत शिवलेल्या पट्टीची दोन टोके यंत्राच्या जबड्यांत धरून ती तुटेपर्यंत ओढतात. त्याचे मानक आयएसओ १३९३५. विणलेल्या कापडासाठी ते खालून फुगवून फोडण्याची चाचणी जास्त बोलकी ठरते, कारण गुडघाही कापडाला एका दिशेने न ओढता फुगवतच असतो. दुकानात यंत्र नसते, अंगठे असतात. बैठकीची शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून आधी लांबीच्या दिशेने पूर्ण ताणावी. कापड अजून ताणू पाहत असताना शिवण अडली किंवा करकरली, तर दोऱ्याचा साठा कमी आहे. मग शिवणीला आडवे ओढावे. दोन कापडांच्या मध्ये टाके दातांसारखे उघडे पडले, तर ते सैल किंवा विरळ आहेत.

विकत घेतल्यावर शिवणीचे आयुष्य धुण्यावर ठरते. घाम मुरलेला कपडा पिशवीत कोंबून ठेवू नये. तो उलटा करून थंड किंवा कोमट पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. क्लोरीनचे ब्लीच नायलॉन आणि इलॅस्टेन दोघांनाही खाते. बाहेर आलेला दोरा ओढू नये, कात्रीने कापून घ्यावा. शिवण उसवलीच, तर टेलरला सरळ टीप मारू देऊ नये. ओव्हरलॉक करून घ्यावे किंवा घरच्या मशीनवर गोल टोकाची सुई लावून बारीक नागमोडी टाका घालावा. नागमोडी वळणांत सरळ टिपेच्या जवळपास तिप्पट दोरा बसतो. मात्र लेगिंग गुडघ्याला पोक धरू लागले असेल, तर त्यातले इलॅस्टेन संपलेले असते आणि त्या कपड्यावर शिलाईचे पैसे घालण्यात अर्थ नाही.