परतलेला प्रकाश आपलाच, हे कसं ओळखायचं?

सैन्याच्या लेझर-संवेदकांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकू येते: लेझर जितका जोरदार, तितकं लांबचं दिसणार. हे अर्धंच खरं आहे. जोर वाढवला की समोरच्याच्या डोळ्यांना धोका वाढतो आणि शत्रूला आपला ठावठिकाणाही लवकर लागतो. एडिनबर्गच्या हेरिअट-वॉट विद्यापीठात प्रा. जेराल्ड बुलर यांच्या गटाने दुसरी वाट धरली. ते परत येणारा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मोजतात. लांबच्या वस्तूवरून प्रकाश इतका विखुरतो, की लेझरच्या एका स्पंदामागे एखादा फोटॉन हाती आला तरी नशीब. तेवढ्यावर भागवता येतं, फक्त तो उन्हाच्या फोटॉनांतून वेगळा काढता आला पाहिजे.

आपल्या फोटॉनवर काही खूण असते, असं पुष्कळांना वाटतं. तशी कोणतीही खूण नसते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा फोटॉन उन्हातून आला की लेझरमधून, हे डिटेक्टरला त्या एका फोटॉनवरून सांगता येत नाही. अरुंद फिल्टर बाकीचे रंग अडवतो, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. उलगडा होतो तो वेळेवरून.

एक पिक्सेल घेऊन पाहू. माणूस १५० मीटरवर उभा आहे. जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे प्रकाशाला साधारण १००० नॅनोसेकंद लागतात. स्पंद पुन्हा पुन्हा सोडायचे आणि प्रत्येक फोटॉन किती वेळाने आला ते टिपत राहायचं. उन्हाचे फोटॉन कधीही येतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी सगळीकडे सारख्या पसरतात. लेझरचे मात्र ठरल्या वेळीच येतात, आणि आलेखात १००० पाशी उंचवटा उभा राहतो. माणसाच्या दीड मीटर पुढे कॅमोफ्लाजची जाळी टांगलेली असेल, तर ९९० पाशी आणखी एक. एकाच पिक्सेलमध्ये दोन पृष्ठभाग, तेही भर उन्हात! या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच.

म्हणूनच ‘हा लेझर कशाच्याही आरपार बघतो’ हा समज सोडून द्यायला हवा. या गटाने २३० मीटरवरच्या, जाळीमागच्या लक्ष्याची त्रिमितीय प्रतिमा मिळवली, ती जाळीच्या छिद्रांतून गेलेल्या आणि छिद्रांतूनच परतलेल्या प्रकाशामुळे. जाळीच्या जागी ताडपत्री ओढली की काहीच मिळत नाही. धुक्याचंही तसंच आहे. थेंबांवरून उलटलेला प्रकाश बराचसा आधी पोहोचतो, म्हणून तो वगळता येतो. पण दाट धुक्यात लक्ष्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नसेल, तर गणित तरी काय करणार?

गणित मात्र दुय्यम समजू नये. उंचवटे मोजक्या फोटॉनांतून ओळखणं हे अवघड काम आहे, आणि २०१९ मध्ये हेरिअट-वॉट, एडिनबर्ग विद्यापीठ आणि सहकाऱ्यांनी ते सेकंदाला सुमारे ५० चित्रं, इतक्या वेगाने करून दाखवलं.

डिटेक्टर चांगला असला की सगळंच स्पष्ट दिसतं, हाही गैरसमजच. २०१३ मध्ये बुलर यांच्याच गटाने ९१० मीटरवरची दृश्यं टिपली, तेव्हा कपडे उमटले, चेहरे मात्र नीट उमटले नाहीत. तेव्हा वापरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश माणसाची त्वचा फारसा परतवतच नाही. पुढे २०२५ मध्ये बऱ्याच कमी अंतरावरच्या, म्हणजे ३२५ मीटरवरच्या चेहऱ्याचे बारकावे मिळाले, ते अतिवाहक डिटेक्टरमुळे. तो उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा लागतो. त्या यंत्रणेची वेळेची अचूकता १३ पिकोसेकंद होती, म्हणजे अंतराच्या हिशेबात सुमारे दोन मिलिमीटर.

आणि सैन्यासाठीचं संशोधन सैन्यापुरतंच राहतं का? एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने लष्करी टेहळणीसाठी घडवलेला हवाई लायडार (लेझरने अंतर मोजणारी यंत्रणा) जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीवर फिरवण्यात आला. कोणते रस्ते ढिगाऱ्यांनी अडलेत आणि लोकांच्या छावण्या कुठे उभ्या राहिल्यात, हे मदतपथकांना त्यातून कळलं.