बुढी नायिका होते तेव्हा

इंदूरच्या सियागंजात म्हातारपणाला रिटायरमेंट नाही. ऐंशी ओलांडलेले शेटजी गादीवर रेलून हळदीचा भाव विचारतात आणि त्यांच्याच दुकानापुढे साठीचा हम्माल खोबऱ्याची पोती ठेल्यावर चढवत असतो. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक, पण उद्या सकाळी दोघांनाही यायचंच असतं. इथल्या गल्ल्यांत वावरणाऱ्या मराठी माणसाला म्हणूनच आपल्या नाटक-सिनेमातली म्हातारी माणसं बरीच वर्षं जरा परकी वाटत आली. ती सगळी निवृत्त होती.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. अप्पासाहेब बेलवलकर रंगभूमीचा निरोप घेतात, घरदार मुलांच्या नावे करतात आणि मग त्यांची परवड सुरू होते. ही भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याच दशकात जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी आले. त्यांच्या घरात पोटापाण्याची काळजी नव्हती, पण दारावर टकटक करणारंही कुणी नव्हतं. विजया मेहता नानी झाल्या, त्याही तेव्हा चाळिशीच्या आसपासच होत्या. ऐन उमेदीतल्या नटानं पाठीत वाकून, आवाज फाटवून म्हातारा उभा करायचा आणि प्रेक्षकांनी दाद द्यायची, असा तो काळ. इंदूरच्या मराठी मंडळींनीही या नाटकांवर जीव टाकला. पुढे १ जानेवारी २०१६ला, आपल्या पासष्टाव्या वाढदिवशी, नाना पाटेकर पडद्यावर बेलवलकर होऊन आले, तेव्हा भूमिकेचं आणि नटाचं वय जुळलं. पण म्हातारपण तेच, शहरातलं आणि भरपूर बोलणारं.

खेड्यातल्या म्हाताऱ्याला या सगळ्यात जागा कुठे होती? ग्रामीण चित्रपटात पाटील होता, सरपंच होता, फडावरची नाची होती. म्हातारा पारावर तंबाखू मळत बसे, नायकाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगे आणि मध्यंतरानंतर खोकत खोकत जाई. कथा त्याची कधीच नसायची.

हे चित्र बदललं २००४ साली, ‘श्वास’नं. संदीप सावंत यांचा हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर बेतलेला. कोकणातले केशव विचारे नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतात आणि कळतं की पोराला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. अरुण नलावडे यांनी हा आजोबा साकारला, चित्रपटाच्या निर्मात्यांमध्येही ते होते. तोवर रंगभूमीवर आणि मालिकांत मुरलेला हा नट अख्खा चित्रपट खांद्यावर घेऊन उभा राहिला, आणि तोही जवळजवळ न बोलता. स्वगत नाही, नशिबाला शिव्या नाहीत. दवाखान्याच्या बाकावर ते ज्या तऱ्हेनं बसतात तेवढं पाहावं: पाठ न टेकता, आपण इथे कुणाच्या तरी मर्जीवर बसलो आहोत अशा अंगानं. इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात निमाडातून आलेली माणसं अशीच बसलेली असतात. मग हाच भिडस्त म्हातारा शस्त्रक्रियेआधी कुणालाही न सांगता नातवाला घेऊन बाहेर पडतो, जग दाखवायला. त्या घटकेला चित्रपट पूर्णपणे आजोबांचा होतो. ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीकडे आलं आणि भारताकडून ‘श्वास’ ऑस्करला गेला. चर्चा बक्षिसांची आणि ऑस्करसाठीच्या वर्गणीची झाली. नलावड्यांच्या त्या बसण्याची व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

दहा वर्षांनी उषा नाईक आल्या. लावणीवर ठेका धरणारी ही अभिनेत्री प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीची, पण इथे ती म्हातारपणाच्या भूमिकेत नायिका झाली. श्रीहरी साठे यांच्या ‘एक हजाराची नोट’मध्ये त्या बुढी आहेत. शेतकरी मुलानं आत्महत्या केलेली, एकटी, कष्टाचं खाणारी बाई. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो. शेजारच्या सुदामाला, म्हणजे संदीप पाठकला, घेऊन ती तालुक्याच्या बाजारात खरेदीला जाते आणि त्या नोटाच तिच्या गळ्याशी येतात. २०१४च्या गोव्याच्या इफ्फीत या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

या बाईचं दुःख मला सियागंजामुळे अधिक कळलं असावं. लग्नसराईत मालव्यातल्या गावांमधून माणसं इथे किराणा भरायला येतात. म्हातारी पदराची गाठ दातानं सोडते, घामानं ओलसर झालेली मोठी नोट काढते आणि मुनीम ती उजेडाकडे धरून उलटसुलट पाहतो. चार-सहा क्षणच जातात, पण तेवढ्यात तिचा चेहरा चोरी केल्यासारखा होतो. तो रुमालानं हात पुसत ‘सुट्टे नाही का, माताजी?’ म्हणेपर्यंत तिचा जीव भांड्यात पडत नाही. उषा नाईकांनी तो चेहरा पकडला आहे. बुढीला पैसा मिळाल्याचा आनंद होतो, अगदी लहान मुलासारखा, आणि तो लपवायचं कसब तिला येत नाही. आपल्यासारख्यांजवळ एवढी रक्कम शोभत नाही हेही तिला ठाऊक असतं. दया यावी अशी सोय त्यांनी ठेवलेली नाही, याचं मला जास्त कौतुक. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ला हजाराची नोटच बाद झाली आणि ज्या बाजाराचा कारभार रोखीवर चालतो तिथले भलेभले शेटजी आपल्याच नोटांकडे बुढीच्या नजरेनं पाहू लागले.

हिंदीतही याच सुमारास एक म्हातारा भेटला. ‘कडवी हवा’मधला (२०१७) हेदू आंधळा आहे, मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि पोरगा जीव देईल या धास्तीनं तो वसुलीवाल्याशीच सौदा करतो: गावातल्या बाकीच्यांची खबर मी देतो, माझ्या मुलाला सोड. संजय मिश्रांनी हा लबाडपणा इतक्या मायेनं केलाय की राग कुणावर धरावा कळत नाही. खेड्यातला म्हातारा साधा-भोळाच असणार हा शहरी समज इथे पुरता मोडतो.

‘दिठी’तला रामजी लोहार त्याहून वेगळा. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर सुमित्रा भावे यांनी हा चित्रपट केला. वर्षानुवर्षं वारी केलेल्या माणसाचा तरुण मुलगा पुरात जातो आणि विठ्ठलाशी त्याचं बोलणंच खुंटतं. किशोर कदम इथे रडतात ते तोंड लपवून नाही. ओरडतात, अडतात, समजूत घालणाऱ्या वारकऱ्यांना झिडकारतात. अशात शेजारची गाय अडते आणि तिला मोकळं करायला रामजीचाच हात लागतो. सुतक असो की नसो, कामाला बोलावणं येतं. १९ एप्रिल २०२१ला भावे गेल्या आणि महिनाभरानं चित्रपट टॉकीजला न जाता थेट ओटीटीवर आला. इंदुरात मराठी सिनेमाला एरवीही मोजके खेळ मिळतात, तेव्हा आमचं त्यात फार काही बिघडलं नाही. चित्रपटातला पाऊस मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहावा लागला, एवढीच तक्रार.