चमचाभर परागाचा हिशेब

जिममधल्या प्रोटीनच्या डब्यांशेजारी आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या बिस्किटांशेजारी हल्ली एकच बाटली दिसते. लेबलवर ‘बी पोलन’, आत मोहरीएवढे पिवळे, केशरी, मातकट, क्वचित जांभळट दाणे. हे रंग कुणी मिसळलेले नसतात. मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून प्रत्येक दाण्याला आपापल्या फुलाचा रंग.

अंगाला चिकटलेला पराग माशी पायांनी झाडते, जरासा मध लावून भिजवते आणि मागच्या दोन्ही पायांवरच्या खोलगट जागेत दाबून बसवते. एका दाण्याचं वजन ७-८ मिलिग्रॅम. मधपाल पेटीच्या दाराला जाळी लावतो. तिची भोकं जेमतेम ५ मिलिमीटरची. माशी अंग चोरून आत शिरते आणि पायावरचा दाणा निसटून खालच्या ट्रेमध्ये पडतो. ५ ग्रॅमचा एक चमचा भरायला असे सहाशेहून जास्त दाणे लागतात, म्हणजे तीनशेच्या वर फेऱ्या.

एवढी धावपळ अर्थातच आपल्यासाठी नसते. मधाच्या जोरावर माशी उडते, पण पोळ्यातल्या अळ्या वाढतात त्या परागातल्या प्रथिनांवर. त्यामुळे जाणता मधपाल जाळी कायमची ठेवत नाही. फुलोरा भरात असताना काही दिवस लावतो आणि काढतो. आपली देशी सातेरी मधमाशी तर खाण्याची टंचाई झाली की पेटी सोडून सरळ चालू पडते. मोठ्या प्रमाणावर पराग काढायला मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्याच वसाहती परवडतात. ताज्या परागात २० ते ३० टक्के ओलावा असतो. तो मंद आचेवर लगेच वाळवला नाही, तर बुरशी धरते. बाटलीतले दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले किंवा आंबूस वास आला, तर ती परत करावी.

आता पोषणाचं. परागात प्रथिनं असतात, ब गटातली काही जीवनसत्त्वं असतात, खनिजं असतात. यात खोटं काही नाही. प्रश्न मापाचा आहे. प्रथिनं फुलागणिक १० ते ४० टक्के, सरासरी २० धरा. दोन चमचे खाल्ले तर पोटात २ ग्रॅम जातात. मूठभर शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम मिळतात, तेही काही रुपयांत. त्यात परागकणाचं कवच भलतंच चिवट. लाखो वर्षांपूर्वीचे कण गाळात शाबूत सापडतात ते त्याच्याच जोरावर. आतलं सगळं आपल्या पोटाला मिळतंच असं नाही. ‘संपूर्ण आहार’ वगैरे शब्द छापायला फक्त शाई लागते. आणि वजन घटवण्याच्या परागाच्या कॅप्सूल तर दूरच ठेवाव्यात: अशा काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे बाजारातून काढून टाकलेलं औषध लपवून घातल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये उघड केलं.

रोज थोडा पराग खाल्ला की परागाची ॲलर्जी जाते, हा दावा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. डॉक्टर असे उपचार करतात तेव्हा पराग कोणता आणि किती, हे ठरलेलं असतं. बाटलीत मात्र सगळीच सरमिसळ. हंगामी ॲलर्जी असलेल्या कॅनडातल्या एका तरुणीला पराग खाल्ल्यावर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली. २०१२ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ती नोंदली गेली. आपल्याकडे पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत घ्या. ते सूर्यफुलाच्याच कुळातलं. गाजर गवताने शिंका किंवा पुरळ येणाऱ्याला सूर्यफुलाचा परागही बाधू शकतो. दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

कुत्र्या-मांजरांसाठी पुरावा आणखी तोकडा आहे. मांजर पक्कं मांसाहारी, चिमूटभर परागाने त्याचं काही भागत नाही. कुत्र्याचा तयार खाऊ बहुधा मुळातच पोषणाच्या मापाने बनवलेला असतो. गंमत अशी, की हवेतल्या परागाची ॲलर्जी कुत्र्यांनाही होते, पण शिंकांऐवजी खाज सुटते. ते पंजे चाटतात, कान खाजवतात. ‘त्वचा आणि केसांसाठी’ म्हणून हे दाणे विकले जातात ते नेमके अशाच कुत्र्याच्या मालकाला. बाटलीचे पैसे त्याने आधी पशुवैद्याला द्यावेत आणि खाज पिसवांची, बुरशीची की ॲलर्जीची, हे तपासून घ्यावं.