वैद्यकांसाठी मुद्रित शिक्षणसंदेश

वैद्यकव्यावसायिकांच्या उपचारपद्धतीत इष्ट बदल घडवून आणण्यासाठी छापून पाठविण्यात येणारी पत्रके, पुस्तिका, मार्गदर्शिका इ. साहित्य. असे साहित्य अल्प खर्चात दूरवर पोहोचते. त्यामुळे पाचोडसारख्या (ता. पैठण) ग्रामीण भागात एकट्याने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांनाही त्याचा लाभ होऊ शकतो. तथापि माहिती मिळाली म्हणजे वर्तन बदलतेच, असे नाही.

क्षयरोगावरील उपचारांत याचा प्रत्यय येतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या धारावी भागातील १०० खाजगी डॉक्टरांनी या रोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना सुचविल्याचे आढळून आले. १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व त्याद्वारे प्रमाणित उपचारांचा पुरस्कार करण्यात आला. तरीही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ औषधयोजना लिहिल्या; अचूक योजना लिहिणारे त्यांत केवळ ६ होते. सदोष योजनेमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि असा प्रतिरोधी क्षय रुग्णाकडून इतरांनाही जडतो.

अशा संदेशांच्या रचनेसाठी वर्तनसिद्धांतांचा आधार घेतला जातो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार कृतीमागील इरादा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : (१) कृतीविषयीची अभिवृत्ती, (२) इतरांच्या अपेक्षांची जाणीव व (३) कृती आपल्या आवाक्यात आहे, हा विश्वास. उदा., थुंकीच्या तपासणीचा उपयोग डॉक्टरला पटलेला नसेल, तर संदेशात तिचे लाभ सांगावे लागतात; समव्यावसायिक काय म्हणतील अशी शंका असेल, तर त्यांचा प्रघात दाखवावा लागतो; तपासणी कोठे व कशी करवून घ्यावी हे ठाऊक नसेल, तर तेवढेच नेमके सांगणे पुरते. म्हणून डॉक्टरांच्या मुलाखती व प्रश्नावल्या यांवरून अडसर प्रथम शोधतात आणि मजकूर नंतर लिहितात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात मधुमेही रुग्णांना दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी पाठविण्याबाबत डॉक्टरांना मुद्रित संदेश धाडण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासण्यांचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. रुग्णांना पाठविण्याचा डॉक्टरांचा इरादा मुळातच दृढ होता; संदेशाने त्यात भर पडण्यास फारसा वाव नव्हता. इरादा असूनही कृती घडत नसेल, तर छापील उपदेशापेक्षा रुग्णाच्या भेटीच्या वेळी मिळणारे स्मरण, तपासणीची सोय व रुग्णांचा पाठपुरावा यांकडे लक्ष पुरविणे अधिक आवश्यक ठरते.