पाणी विमानाला सोडतं कसं? आरसी फ्लोटप्लेनबद्दलचे गैरसमज

पाणी मऊ, तेव्हा विमान पडलं तरी मोडायचं नाही, या भरवशावर काही जण रिमोट कंट्रोलचं विमान थेट तळ्यावरच शिकायला जातात. पण पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. उतरताना एका पंखाचं टोक पाण्यात घुसलं, तर विमान जागच्या जागी गरकन फिरतं. नाक आधी टेकलं तर सरळ कोलांटी. फोमचं विमान यातून वाचतंही, पण उलटं पडलेलं विमान काठावरून सरळ करता येत नाही आणि तेवढ्यावर त्या दिवसाचा सराव संपतो. म्हणून आधी चाकांवर शिकावं. वाऱ्याच्या तोंडावर, पंख समतोल ठेवून, सावकाश उतरणं हातात बसलं की मगच फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी बसणारे तरंगते पाय, लावावेत. पंखांची लांबी दीड मीटरच्या आसपास असलेलं, पंख वर असणारं फोमचं ट्रेनर विमान या कामाला सगळ्यात चांगलं. पाणी जवळ नसेल तर ओल्या, आखूड गवतावरूनही फ्लोटवालं विमान उडतं, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

आता मुख्य गैरसमज: जे तरंगतं ते फ्लोट. थर्माकोलचे दोन ठोकळे तासून लावले की विमान तरंगतं, पळतं, आणि पळतच राहतं. उडत नाही. चमच्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला हलकेच लावून बघा, चमचा धारेत ओढला जातो. मागे गोलाई देत वर नेलेल्या फ्लोटच्या तळाचंही असंच होतं. वेग वाढेल तशी पाण्याची ओढ वाढते. ती तोडण्यासाठी तळाला मध्यावर एक आडवी, धारदार कडेची खाच देतात, तिला स्टेप म्हणतात. पाणी त्या कडेपाशी तळापासून सुटतं, मागे हवा शिरते आणि विमान फ्लोटच्या फक्त पुढच्या भागावर घसरू लागतं; यालाच स्टेपवर येणं म्हणतात. स्टेपची कड गोल झाली, रंगाने किंवा टेपने बुजली, तरी उड्डाण रेंगाळतं. नवख्या माणसाने बाकी सगळं तपासण्याआधी ही कड बोटाने चाचपावी, असं मी आग्रहाने सांगेन.

स्टेपची जागाही तितकीच मोलाची. ती विमानाच्या बॅलन्स पॉइंटच्या किंचित मागे हवी, दीड मीटरच्या विमानात एखाद-दोन सेंटिमीटर. फार मागे गेली तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) कितीही ओढला तरी नाक उचलत नाही. फ्लोटची लांबी विमानाच्या लांबीच्या साधारण तीन-चतुर्थांश, आणि टोक प्रोपेलरच्या पुढे आलेलं असावं. आकाराचं म्हणाल, तर माणसं नेणाऱ्या हलक्या विमानांसाठी अमेरिकेचा नियम आहे की फ्लोटनी विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त भार तोलला पाहिजे. मॉडेललाही हाच अंदाज पुरतो.

विमान सुटत नाही म्हटलं की मोठी मोटर बसवायची, हा पुढचा मोह. पण पाण्याचा सगळ्यात जास्त विरोध स्टेपवर येण्याआधीच्या काही क्षणांत असतो. तेव्हा सुरुवातीला एलिव्हेटर ओढून धरायचा, थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडायचा, आणि विमान स्टेपवर आलं की एलिव्हेटर सैल सोडायचा. बरेच जण तो ओढूनच ठेवतात. मग फ्लोटचा मागचा भाग पाण्यात रुतून राहतो आणि दोष मोटरला लागतो.

आरशासारखं शांत पाणी सर्वांत सोपं, हेही खरं नाही. बारीक लहरी फ्लोटखाली हवा शिरू देतात, गुळगुळीत पाणी तळाला जास्त चिकटून राहतं. शिवाय त्यावर उतरताना विमान किती उंचीवर आहे तेच कळत नाही. मंद वारा, बोटभर लहरी, हा उत्तम दिवस.

फ्लोट लावल्यावर विमानाचा स्वभावही बदलतो. फ्लोटचा पुढचा भाग वाऱ्याला आडवा येतो आणि शेपटी डगमगू लागते, म्हणून अनेक मॉडेलांना शेपटीखाली एक जादा फिन, म्हणजे उभं पातं, देतात.

पाणी लागलं की इलेक्ट्रॉनिक्स संपलं, असंही नाही. ब्रशलेस मोटर गोड्या पाण्यात भिजून सहसा टिकते. जपायचं ते रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना. खाऱ्या पाण्याचा मामला वेगळा. कोकणात खाडीवर उडवलंत तर विमान गोड्या पाण्याने लगेच धुवा, नाहीतर गंज जोडण्यांमध्ये शिरतोच. रिमोटचे २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यात शिरत नाहीत, म्हणून अँटेना जमेल तितकी वर.

आणि एक समज जिवावर बेतणारा: विमान बंद पडलं तर पोहत जाऊन आणू. धरणाच्या पाण्याखालचा गाळ, जलपर्णी, अचानक वाढणारी खोली काठावरून दिसत नाही. गळाच्या काठीला दोरी आणि टेनिसचा चेंडू बांधून तो विमानापलीकडे फेकायचा आणि दोरीत अडकवून विमान ओढून घ्यायचं. ते जमण्यापलीकडे असेल तर होडी, आणि होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट.

पाण्यावर उडवायला परवानगी कशाला, असं कोणी म्हणालं तर २०२१ चे ड्रोन नियम दाखवा. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची २५ किलोपर्यंतची मॉडेल त्यांत येतात. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवं क्षेत्र पाहूनच जागा निवडावी. खडकवासल्याचा जलाशय कितीही मोहात पाडो, त्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिकडे मॉडेल घेऊन जाऊ नये. हिरव्या क्षेत्रातल्या धरणावरही जलसंपदा विभागाला आधी विचारावं. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीला.